वाचकांचे प्रश्न : वृद्धांचे समुपदेशन शिकायचे कोठे, आणि कोणासाठी?

गेल्या महिन्यात या सदरात निवृत्तीनंतरच्या एकटेपणाविषयीच्या एका पत्राला उत्तर दिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये सल्ला मागणाऱ्यांपेक्षा सल्ला द्यायला शिकू इच्छिणारेच जास्त निघाले. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. नावे पत्रलेखकांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत आणि पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आजोबांच्या अखेरच्या दोन वर्षांत घरातल्या सगळ्यांचीच जी ओढाताण झाली, ती पाहून वृद्धांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे समुपदेशन करायचे असे मी ठरवले आहे. यासाठी वेगळी पदवी असते का? नोकरी करता करता दूरशिक्षणाने एम.ए. केले, किंवा सहा महिन्यांचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला, तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : निराश करणारा भाग आधी सांगून टाकते. वृद्धांच्या समुपदेशनाची रुळलेली, स्वतंत्र अशी पदव्युत्तर पदवी आपल्याकडे नाही. वैद्यकशास्त्रात मद्रास मेडिकल कॉलेजने वृद्धवैद्यकाची एम.डी. १९९६ मध्येच सुरू केली. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांत मात्र वार्धक्य हे बहुतेक ठिकाणी 'विकासाच्या अवस्था' या घटकाचे शेवटचे प्रकरण असते आणि परीक्षा तोंडावर आली की ते घाईघाईत उरकले जाते. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची माणसे १० कोटी ३८ लाख होती आणि महाराष्ट्रात दर शंभरांमागे त्यांचे प्रमाण दहाच्या आसपास होते, हे लक्षात घेतले तर ही घाई किती महागात पडते ते कळते. तेव्हा मुख्य पदवी एक घ्यायची आणि वार्धक्याचा अभ्यास तिला आपण जोडायचा, हाच सध्याचा व्यवहार्य मार्ग आहे.

मुख्य पदवीसाठी दोन वाटा आहेत. एक मानसशास्त्राची, म्हणजे समुपदेशन हा विशेष विषय घेऊन एम.ए. करण्याची, दुसरी समाजकार्याची, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.ची. तुम्ही मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी असल्यामुळे पहिलीच वाट तुम्हाला दिसत असेल, पण दुसरीचाही विचार अवश्य करा. वृद्ध माणसाचे दुःख क्वचितच एकट्या मनाचे असते. त्यात निवृत्तिवेतन असते, घर कोणाच्या नावावर आहे हे असते, दवाखान्यात कोण नेणार हे असते, आणि या सगळ्याची गाठ सोडवायची सवय समाजकार्याच्या शिक्षणात अधिक लागते. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीच सुरू झाली आणि आज तेथे दोन्ही वाटा आहेत. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था एम.एस.डब्ल्यू.साठी परिचित आहे. दिल्लीची राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्था वृद्धसेवेची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका चालवत आली आहे. ती मुख्य पदवीवरची जोड म्हणून चांगली आहे, तिची जागा घेणारी म्हणून नव्हे. एम.ए. झाल्यावर स्वतःला 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' म्हणवता येत नाही, हेही आताच लक्षात ठेवा. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले वेगळे शिक्षण आणि परिषदेकडची नोंदणी लागते. त्या शिक्षणाची रचना सध्या बदलत असल्यामुळे प्रवेश घेण्याच्या दिवशी परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

दूरशिक्षणाविषयीचे उत्तर आता सोपे झाले आहे. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांविषयीचा केंद्रीय कायदा २०२१ मध्ये झाला आणि मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, वैद्यकीय व मनोविकार क्षेत्रांतील समाजकार्यकर्ते असे अनेक व्यवसाय त्याच्या कक्षेत आले. त्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै–ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह या क्षेत्रांतले अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. म्हणून कोणी तशा प्रवेशाचे आमिष दाखवले तर पैसे भरू नका. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राने माहिती मिळेल, हात तयार होणार नाही.

हात तयार होतो तो क्षेत्रकार्यात. महाविद्यालय निवडताना इमारत आणि ग्रंथालय पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा. दोन वर्षांत प्रत्यक्ष माणसासमोर बसण्याचे तास किती? त्या तासांवर पर्यवेक्षण कोण करते, आणि ती व्यक्ती स्वतः समुपदेशनाचे काम करते की फक्त शिकवते? वृद्धांसाठीचे क्षेत्रकार्य कोठे असते? तिसऱ्या प्रश्नावर 'आमचे विद्यार्थी वृद्धाश्रमात जातात' असे उत्तर आले, तर तेथे जाऊन काय करतात हेही विचारून घ्या. वर्षातून एकदा फळवाटप, दोन भावगीते आणि समूहछायाचित्र याला मी क्षेत्रकार्य म्हणत नाही. शिवाय आपल्याकडचे बहुसंख्य वृद्ध वृद्धाश्रमात नसतात, घरात असतात. समुपदेशन शिकायचे ते घरभेटीत, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर.

आजोबांचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून एक शब्द. ज्या दुःखातून माणूस या कामाकडे वळतो, ते दुःख पुढे प्रत्येक खोलीत त्याच्याबरोबर जाऊन बसते. पहिल्या वर्षीच तुमच्या पर्यवेक्षकांना आजोबांविषयी सांगा. नाहीतर दुसऱ्याच कोणाच्या आजोबांना तुम्ही तुमच्या आजोबांसारखे वागवू लागाल आणि त्यांच्या सुनेवर, तिचे काहीच न ऐकता, रागावून बसाल.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या एम.ए. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात वृद्ध आणि त्यांची कुटुंबे या विषयावर चार क्रेडिटचा ऐच्छिक विषय सुरू करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. वार्धक्याचे सिद्धान्त तर घालणारच आहे. त्याशिवाय काय असावे, आणि मराठी भाषेत वापरण्याजोग्या चाचण्या कोणत्या?
— एक प्राध्यापिका, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : सिद्धान्तांना एक क्रेडिट पुरे. उरलेल्या तिन्हींत विद्यार्थ्याला फसवणाऱ्या गोष्टी शिकवा, म्हणजे दिसते एक आणि असते दुसरेच, अशा गोष्टी. यात पहिला मान स्मृतिभ्रंश, नैराश्य आणि डेलिरियम (अचानक उद्भवणारा बुद्धीचा गोंधळ) या तिघांचा. काल व्यवस्थित बोलणाऱ्या आजी आज दुपारपासून भलतेच काही बोलू लागल्या, संध्याकाळी थोड्या सावरल्या, रात्री पुन्हा बिघडल्या, तर तो 'वयामुळे झालेला विसरभोळेपणा' नसतो. तो बहुधा डेलिरियम असतो. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम उतरणे, शरीरातले पाणी कमी होणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा नवे औषध अशा कारणांनी तो होतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेणे आवश्यक असते. तेथे समुपदेशकाने खुर्ची ओढून भावनांची विचारपूस करीत बसणे हा गुन्हा नसला तरी चूक नक्कीच आहे. उलट, महिनोन्‌महिने गप्प झालेले, 'मला काही आठवत नाही' असे प्रत्येक प्रश्नाला म्हणणारे आजोबा स्मृतिभ्रंशाचे वाटतात आणि नैराश्यावर उपचार झाल्यावर त्यांना बरेचसे आठवू लागते. थायरॉइडची कमतरता आणि बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव हीदेखील अशीच चकवणारी कारणे आहेत. निदान करणे आपले काम नाही, पण कोणाला कोणाकडे आणि किती घाईने पाठवायचे हे ठरवता येणे हे आपलेच काम आहे. घरभेटीत औषधांची पिशवी पाहायला मागण्याची सवय विद्यार्थ्यांना लावा. तीन डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, वेगवेगळ्या नावांच्या, पण एकाच कामाच्या गोळ्या आणि कोणीतरी कधीतरी सुरू केलेली, मग कोणीच बंद न केलेली झोपेची गोळी त्या पिशवीत निघते.

चाचण्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण येथे भाषांतरावर भागत नाही. वृद्धांतील नैराश्य मोजण्यासाठी जी श्रेणी सर्वाधिक वापरली जाते, ती अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी तयार झाली. तिच्यात हो–नाही उत्तरांचे तीस प्रश्न आहेत आणि पंधरा प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे. झोप, भूक, अंगदुखी या तक्रारी म्हातारपणात एरवीही असतात, म्हणून तिच्या कर्त्यांनी शारीरिक लक्षणे मुद्दाम वगळली. विचार योग्यच होता. पण आपल्याकडची पंचाहत्तर वर्षांची बाई 'मी उदास आहे' असे म्हणत नाही; ती म्हणते, 'अन्न गोड लागत नाही', 'छातीत धडधडतं', 'हातापायांतलं बळ गेलं', 'जीव कशात लागत नाही'. तिचे दुःख ती शरीराच्याच भाषेत सांगते आणि नेमकी तीच भाषा ही श्रेणी ऐकत नाही. त्यामुळे गुण कमी आले म्हणून विद्यार्थ्याने निश्चिंत होऊ नये. तुमच्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात एक काम द्या. घरातल्या आणि शेजारच्या वृद्धांकडून मनाच्या दुखण्यासाठी वापरले जाणारे शब्द गोळा करून आणायला सांगा. कोल्हापुरी बोलीत तुम्हाला असे शब्द मिळतील, जे पुण्यातल्या भाषांतरकाराला सुचले नसते.

स्मृती आणि बोधनक्षमतेची, म्हणजे समजण्याच्या व विचार करण्याच्या क्षमतेची, चाचणी याहून अवघड आहे. १९७५ पासून वापरात असलेल्या तीस गुणांच्या प्रसिद्ध चाचणीत वाक्य वाचून त्याप्रमाणे करणे आणि एक वाक्य स्वतः लिहिणे असे घटक आहेत. जिने कधी पाटी धरली नाही, ती तेथे आजारी नसतानाही नापास होते. हरियाणातल्या बल्लभगढ येथे १९९० च्या दशकात ग्रामीण वृद्धांवर संशोधन करताना याच चाचणीची हिंदी आवृत्ती निरक्षरांसाठी नव्याने घडवली गेली. 'डोळे मिटा' हे वाचायला लावण्याऐवजी 'माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा' असे सांगून परीक्षक स्वतः डोळे मिटतो, आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायला सांगतो. हे उदाहरण वर्गात जरूर शिकवा. चाचणी 'मराठीत आणणे' म्हणजे काय, हे त्यातून एका तासात समजते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय वार्धक्य सर्वेक्षणाच्या आधारे भारतातले सुमारे ८८ लाख वृद्ध स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले असावेत असा अंदाज पुढे आला आहे, म्हणून हा घटक ऐच्छिकातला ऐच्छिक ठेवू नका.

कायद्याला दोन तास द्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा, प्रांताधिकाऱ्यांपुढचे न्यायाधिकरण, महिना १०,००० रुपयांपर्यंतचा निर्वाह आणि देखभालीच्या अटीवर केलेले बक्षीसपत्र ती अट मोडल्यास रद्द करून घेण्याची कलम २३ मधील तरतूद, एवढे प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असावे. त्याच वेळी हेही शिकवा की न्यायाधिकरणात जिंकलेली आई संध्याकाळी त्याच घरात परत जाते. आणि पहिल्या तासाला, सिद्धान्तांच्याही आधी, 'म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण' ही म्हण फळ्यावर लिहून तिचे काय करायचे ते वर्गाला ठरवू द्या. माझ्या मते आपल्या क्षेत्रात या एका वाक्याने जितके नुकसान केले आहे, तितके अज्ञानानेही केलेले नाही.

प्रश्न : मी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्षेत्रकार्यात एका ७८ वर्षांच्या आजींच्या घरभेटी माझ्याकडे आहेत. त्या थोरल्या मुलाकडे राहतात. मी गेले की मुलगा शेजारी बसतो आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तोच देतो. जाताना मी काय लिहून घेतले तेही विचारतो. आजींना कमी ऐकू येते. सून स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. 'आई कोणाला काही बोलत नाही, तुम्ही तिला समजावा' असे मुलाचे म्हणणे आहे. मी कोणाशी बोलायचे?
— एक विद्यार्थी, मुंबई

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण बत्तीस वर्षांपूर्वी मी स्वतः याच सोफ्यावर बसले होते. मुलाशी चाळीस मिनिटे उत्तम संवाद साधला, पानभर टिपणे घेतली आणि परतल्यावर पर्यवेक्षक बाईंनी फक्त एवढेच विचारले, 'आजींचं नाव काय?' मला सांगता आले नाही. माझ्या टिपणात सगळीकडे 'आई' असे लिहिले होते, म्हणजे त्या मुलाचा शब्द.

सल्लार्थी कोण, हा या शिक्षणातला पहिला प्रश्न आहे आणि वृद्धांच्या बाबतीत तो सर्वांत आधी हरवतो. लहान मुलाच्या समुपदेशनात आई-वडील त्याला घेऊन येतात आणि त्यांचा तो अधिकारही असतो. वृद्ध माणसाला मुलगा घेऊन येतो तेव्हा चित्र तसेच दिसते, पण अधिकार तसा नसतो. आजी सज्ञान आहेत. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्तीसुद्धा पुष्कळ काळ आपल्या जेवणाविषयी, कपड्यांविषयी, कोणी भेटावे आणि कोणी भेटू नये याविषयी स्वतः ठरवू शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही प्रत्येक व्यक्तीला उपचारांचा निर्णय घेण्याची क्षमता आहे असे आधी गृहीत धरले आहे. 'तुम्ही तिला समजावा' हे मुलाचे मागणे आहे. ते नोंदवून ठेवा, पण आजींचे मागणे काय हे तुम्हाला अजून माहीतच नाही.

आता पुढच्या भेटीचे. मुलाला बाहेर जायला सांगू नका. आपल्या घरात पाहुण्याने घरच्याला बाहेर काढणे बसत नाही आणि त्याचा राग तुम्ही गेल्यावर आजींवर निघेल. त्याऐवजी रीत म्हणून सांगा : 'आमच्याकडे पद्धत अशी आहे की पहिली वीस मिनिटे मी आजींशी एकटा बोलतो, नंतर दहा मिनिटे तुमच्याशी, आणि पुढे आपण सगळे एकत्र बसतो.' रीत म्हटली की अविश्वास वाटत नाही. टिपणांविषयीही हेच करा. आजींच्या संमतीशिवाय त्यांचे बोलणे कोणाला सांगणार नाही, मात्र त्यांच्या जिवाला धोका दिसला किंवा कोणी त्यांना इजा करीत आहे असे दिसले, तर ते माझ्या पर्यवेक्षकांना सांगावेच लागेल, हे तिघांसमोर एकदाच स्पष्ट बोलून टाका.

ऐकू न येण्याला तुम्ही पत्रात अर्धे वाक्य दिले आहे. मी त्याला अर्धी भेट देईन. ज्या कानाने बरे ऐकू येते त्या बाजूला बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, पाठीमागून नको, म्हणजे ओठ दिसतात. ओरडू नका, ओरडल्याने आवाज चढतो आणि वयोमानाने आधी चढे स्वरच ऐकू येईनासे होतात, म्हणून आवाज खाली आणून सावकाश बोला. दूरदर्शन संच बंद करायला सांगा. चष्मा आणि श्रवणयंत्र असेल तर ते लावले आहे का ते पाहा; ते बहुधा कपाटात 'हरवू नये म्हणून' ठेवलेले असते. आजींच्या 'कोणाला काही न बोलण्या'तला किती भाग मनाचा आणि किती कानाचा, हे तेवढ्यानेच कळेल. आणि त्यांना 'आजी' म्हणण्याआधी काय म्हणू ते विचारा. काहींना 'आजी' आवडते, काहींना 'काकू', आणि एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेला 'बाई'. 'अहो-जाहो' मात्र सुटता कामा नये.

बोलणे कोठून सुरू करायचे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तेथेच विद्यार्थी अडतात. आजच्या तक्रारीवरून सुरू करू नका. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडले की म्हातारपणी माणूस जुन्या आठवणींत रमतो ते बुद्धी ढासळल्याचे चिन्ह नसते. आयुष्याचा हिशेब मांडण्याचे ते स्वाभाविक काम असते. तोवर वैद्यकातही अशा आठवणींकडे सुटलेली बडबड म्हणून पाहिले जाई. माहेरचे गाव, पहिली चूल, मुंबईत आल्या तेव्हाची चाळ, गिरणीचा संप, जे निघेल ते ऐका. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली जाते तेव्हा तिच्यात काय बदलले ते टिपून ठेवा. असा हिशेब मांडताना जुनी सल वर येऊन माणूस अधिक अस्वस्थही होतो, म्हणून ती भेट घाईत संपवू नका; शेवटची पाच मिनिटे आजच्या दिवसावर, संध्याकाळच्या चहावर आणून थांबा.

एक वाक्य मात्र ऐकून सोडू नये. 'आता देवाने न्यावं' हे आपल्याकडे दहापैकी नऊ वेळा बोलण्याची ढब असते. तेव्हाही विचारा, सरळ शब्दांत विचारा : 'स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? काही ठरवलंय का? गोळ्या बाजूला काढून ठेवल्यात का?' विचारल्याने मनात नसलेली गोष्ट मनात येत नाही, ही भीती विद्यार्थ्यांनी काढून टाकावी. उत्तर होकारार्थी वाटले, तर आजींना एकटे सोडू नका, तेथूनच पर्यवेक्षकांना दूरध्वनी करा. गुप्ततेचा नियम तेथे संपतो. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनचा क्रमांक १४५६७ आहे. दोन्ही तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर असावेत.

राहिली सून. निर्णय घेणारा मुलगा बैठकीत बसला आहे; अंघोळ घालणारी, डबा देणारी, रात्री उठणारी बाई स्वयंपाकघरात आहे. कुटुंबाचे समुपदेशन याचा आपल्याकडचा अर्थ निम्मा तरी या दोघांतले अंतर ओळखणे असा आहे. धाकटा मुलगा परगावी आणि लेक सासरी असेल, तर ती माणसे फक्त फोनवर मते देतात. काळजीवाहकावरचा भार मोजण्यासाठी बावीस प्रश्नांची एक श्रेणी आहे, ती तुमच्या पर्यवेक्षकांकडे असेल. पण पहिल्या दिवशी कागद पुढे करू नका. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून 'तुमची रात्रीची झोप होते का?' एवढेच विचारा आणि थांबा. हा प्रश्न तिला बहुधा कोणी विचारलेला नसतो. तिच्या रागाला घाबरू नका. वर्षानुवर्षे एकटीने केलेल्या कामाचा राग आणि छळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्याची दखल वेळेवर घेतली तर तो दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, असा माझा अनुभव आहे. तुमचा सल्लार्थी आजीच राहतील. मुलगा आणि सून यांचे म्हणणे ऐकायचे ते आजींच्या घरातली माणसे म्हणून. सुनेला स्वतःसाठी मदत हवी असेल, तर तिच्यासाठी दुसरा विद्यार्थी मागून घ्या; एकाने दोन्ही होड्यांत पाय ठेवू नये.

प्रश्न : बँकेतून निवृत्त होऊन एक वर्ष झाले. वय ६१. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात लोक माझ्याकडे मन मोकळे करतात. आता रीतसर एम.ए. करून समवयस्कांचे समुपदेशन करावे म्हणतो. या वयात प्रवेश मिळेल का, आणि उपयोग होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्रवेशाला वयाची अडचण सहसा येत नाही; तुमची पहिली पदवी मानसशास्त्राची नसेल, तर विद्यापीठाची पात्रतेची अट मात्र आधी पाहून घ्या. उपयोग नक्की होईल. हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात रांगेत उभे राहणे म्हणजे काय असते, हे पंचविशीतल्या समुपदेशकाला समजावून सांगावे लागते, तुम्हाला लागणार नाही. अडचणही तेथेच आहे. 'माझंही असंच झालं होतं' हे वाक्य कट्ट्यावर धीर देते. समुपदेशनाच्या खोलीत ते समोरच्याचे बोलणे थांबवते. पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला हेच एक वाक्य गिळायला शिकावे लागेल, आणि तुमचे पर्यवेक्षक तुमच्या मुलीच्या वयाचे असतील, तेव्हा ते सोपे जाणार नाही. दुसरे असे की ज्या संघाचे तुम्ही सभासद आहात त्याच संघातल्या स्नेह्यांचे समुपदेशक होऊ नका. सहलीची वर्गणी आणि मृत्युपत्राची चिंता एकाच माणसाकडे नको. दोन वर्षांचा खर्च आणि श्रम जड वाटत असतील, तर पदवीचा आग्रह सोडून संघात आधारगट चालवायला शिका. त्याचे प्रशिक्षण लहान असते, ते काम कमी प्रतीचे नाही, फक्त त्याला समुपदेशन म्हणू नये.

प्रश्न : मी अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये समुपदेशनाची पदव्युत्तर पदवी पूर्ण करीत आहे. येथे सहा-सहा महिन्यांसाठी येणारे आणि कायमचे स्थायिक झालेले मराठी आई-वडील यांच्यासाठी काम करण्याची इच्छा आहे. येथे यासाठी वेगळे शिक्षण आहे का? पुण्यातल्या माझ्या आई-वडिलांशी आणि त्यांच्या मित्रमंडळींशी मी व्हिडिओवरून बोलले तर चालेल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्याकडेही वाट सरळ नाही. तेथे समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेने १९९० च्या दशकात वृद्धांच्या समुपदेशनाला स्वतंत्र शाखा म्हणून स्थान दिले होते. फारच थोडी विद्यापीठे पुढे आल्यामुळे २००९ च्या नियमावलीतून ती शाखा वगळली गेली. त्याचे एक कारण पैशाचे होते असे मला वाटते. पासष्टीनंतरचा मेडिकेअर हा शासकीय विमा परवानाधारक समुपदेशकांना त्यांच्या कामाचे पैसेच देत नसे. १ जानेवारी २०२४ पासून तो देऊ लागला आहे. तुम्ही योग्य वेळी या क्षेत्रात येत आहात. ऐच्छिक विषयांत वार्धक्यशास्त्र घ्या आणि इंटर्नशिप वृद्धांच्या ठिकाणी मागा. भेटीसाठी आलेल्या आई-वडिलांना मात्र मेडिकेअर नसते, तेव्हा त्यांच्यासाठी मराठी मंडळाच्या माध्यमातून गटाने भेटण्याची काही सोय करता येते का, ते पाहावे.

परवाना राज्याचा असतो आणि सामान्यतः सल्लार्थी त्या क्षणी जेथे बसला आहे तेथला नियम लागू होतो. न्यू जर्सीच्या परवान्यावर पुण्यातल्या मित्रमंडळींचे समुपदेशन करू नका. आई-वडिलांचे तर कोठल्याच परवान्यावर करू नका. त्यांना हवी असेल तर पुण्यात प्रत्यक्ष भेटेल अशी व्यक्ती शोधून द्या, आणि पहिली वेळ ठरवण्याचा फोन तुम्ही करू नका. क्रमांक द्या, फोन त्यांचा त्यांना करू द्या.